दिसलेली गळती आणि न जुळलेला हिशोब : देवगडच्या एका गाडीतील हायड्रॉलिक क्लचचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील गाडी २०१५ सालची, सात आसनांची आणि डिझेलवर चालणारी आहे. तिचे मालक देवगड तालुक्यातील आंबा बागायतदार आहेत. वर्षातील आठ-नऊ महिने गाडी घरच्या कामाला आणि अधूनमधून लग्नकार्याला जाते. मार्च ते मे या काळात मात्र मागची आसने दुमडून तिच्यात हापूसच्या पेट्या भरल्या जातात आणि ती फोंडा घाटाने, दाजीपूर-राधानगरीमार्गे कोल्हापूरला खेपा करते. कणकवली परिसरातील आमच्या लहान गॅरेजमध्ये ती एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा आली, तेव्हा ती १,३८,००० किलोमीटर धावलेली होती. क्लच प्लेट त्यापूर्वी एकदा, सुमारे ७५,००० किलोमीटरवर, दुसरीकडे बदललेली होती. ब्रेक आणि क्लचचे फ्लुइड शेवटचे कधी बदलले हे घरात कोणालाच आठवत नव्हते.

पुढील सर्व चर्चा या गाडीच्या क्लचच्या रचनेवर अवलंबून असल्याने ती थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो आणि फ्लुइडला नळीतून स्लेव्ह सिलिंडरकडे ढकलतो. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत हा स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाहेर असतो. तो हाताने चाचपता येतो आणि गळत असेल तर डोळ्यांना दिसतो. या गाडीत तो गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेल्या घंटेसारख्या कवचाच्या आत, इनपुट शाफ्टभोवती (इंजिनाची फिरकी गिअरबॉक्समध्ये नेणाऱ्या दांड्याभोवती) कड्यासारखा बसवलेला आहे आणि क्लच दाबून सोडवणारे रिलीज बेअरिंग त्याच्याशीच जोडलेले आहे. गिअरबॉक्स उतरवल्याखेरीज तो दिसत नाही. शिवाय ब्रेक आणि क्लच यांना फ्लुइड पुरवणारी टाकी एकच आहे. क्लचकडे जाणारी नळी टाकीच्या कडेला थोड्या उंचीवर बसवलेली असते, त्यामुळे पातळी घसरत गेली तर आधी क्लच उपाशी राहतो आणि ब्रेकसाठी तळाशी फ्लुइड शिल्लक राहते. ही योजना चांगली आहे, पण पातळी का घसरते आहे हे शोधताना मात्र हीच सामाईक टाकी दिशाभूल करते. या प्रकरणात तसेच झाले.

तक्रार

गाडी चालकाने आणली होती. बागायतदारांच्या घरी तो बारा-तेरा वर्षे आहे आणि गाडीचे बारीकसारीक त्याच्या लक्षात राहते. त्याने सांगितलेले जसेच्या तसे जॉबकार्डवर लिहून घेतले होते : "सकाळी पयल्या दाबाक गियर पडणा नाय, दुसऱ्या दाबाक पडता. घाट चढलो की रिव्हर्स करकरता."

या दोन वाक्यांत बरीच माहिती आहे. पहिल्या दाबाला क्लच सुटत नाही आणि दुसऱ्या दाबाला सुटतो, याचा अर्थ रात्रभरात यंत्रणेत कुठेतरी हवा शिरते किंवा फ्लुइड मागे सरकते, आणि पेडल दोनदा मारल्यावर ती तूट भरून निघते. रिव्हर्सची करकर म्हणजे पेडल पूर्ण दाबूनही इंजिनाची फिरकी गिअरबॉक्सपर्यंत पोहोचत राहते. अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी दोन्ही चक्रांचे फेरे जुळवणारी योजना, नसतो, त्यामुळे क्लच अर्धवट सुटत असेल तर त्याची चाहूल सर्वांत आधी रिव्हर्सलाच लागते. क्लच न सुटणे आणि क्लच घसरणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. घसरणाऱ्या क्लचमध्ये इंजिनाचे फेरे वाढतात पण गाडी पळत नाही, आणि त्याचा संशय आधी प्लेटवर घ्यावा लागतो. या गाडीत चढावर ओढ उत्तम होती, म्हणून प्लेट झिजल्याची शक्यता आम्ही सुरुवातीलाच मागे ठेवली, आणि ती तशी ठेवणे बरोबरच होते.

चालकाने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. फेब्रुवारीत आणि पुन्हा मार्चच्या मध्यात वाटेवरच्या एका मिस्त्रीने क्लचची हवा काढून दिली होती. दोन्ही वेळा पेडल परत कडक झाले आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा खाली बसू लागले. तेव्हापासून तो स्वतःच टाकीत "थोडे थोडे ऑइल" घालत होता.

पहिली तपासणी

ऑइल हा शब्द ऐकल्यावर सर्वप्रथम टाकीतील द्रव तपासला. आपल्याकडे ब्रेक फ्लुइडला सर्रास ब्रेक ऑइल म्हणतात आणि त्या नावामुळे कधी कधी टाकीत खरोखरच स्टिअरिंगचे किंवा इंजिनचे तेल पडते. डॉट ३ आणि डॉट ४ हे ब्रेक फ्लुइडचे प्रकार ग्लायकॉल इथर वर्गातील असून पाण्यात विरघळतात. खनिज तेल विरघळत नाही, आणि यंत्रणेतील रबर त्याने फुगून निकामी होते. टाकीतील थोडा द्रव काचेच्या पेल्यातील पाण्यात सोडला. तो पूर्ण मिसळला आणि वर तवंग राहिला नाही. तवंग आला असता तर, टाकी सामाईक असल्याने, प्रश्न क्लचपुरता न राहता चारही चाकांच्या ब्रेकमधील रबरापर्यंत गेला असता आणि गाडी जागेवरून हलवणेही योग्य ठरले नसते. ही तपासणी दोन मिनिटांची असते, पण तिच्यावाचून पुढे जाऊ नये असे माझे मत आहे.

द्रव योग्य होता, मात्र त्याचा रंग काळ्या चहासारखा झाला होता. पाण्याचे प्रमाण दाखवणारी पेनासारखी चाचणी-दांडी त्यात बुडवताच लाल दिवा लागला. डॉट ४ फ्लुइड कोरडे असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो; त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी शोषले गेले की ती किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. चार महिने पावसाळा आणि उरलेले आठ महिने खारा वारा असलेल्या देवगडसारख्या ठिकाणी फ्लुइड दर दोन वर्षांनी बदलावे असे आम्ही सर्वांना सांगतो. ऐकणारे थोडे असतात.

त्यानंतर पेडलकडे वळलो. पेडलच्या खिळीतील झीज आणि मास्टरच्या दांड्याचा मोकळेपणा पाहिला. दांड्याला अजिबात मोकळेपणा नसेल तर मास्टरमधील परतीचे छिद्र झाकलेले राहते, गरम झालेले फ्लुइड टाकीत परतू शकत नाही आणि क्लच घसरू लागतो. येथे तसे नव्हते. सपाट जागी इंजिन चालू ठेवून, पहिला गिअर टाकून, पेडल दाबून धरले. साधारण वीस सेकंदांनी गाडी हळूच पुढे सरकू लागली, म्हणजे दाब टिकत नव्हता. मग विजेरी घेऊन पेडलच्या मागे पाहिले, तेव्हा मास्टर सिलिंडरच्या रबरी टोपीभोवती ओल दिसली. खालच्या चटईवर रुपयाएवढा एक डाग होता. बोटाला ओल लावून ती पाण्याखाली धरली तर लगेच धुऊन गेली, फ्लुइडच होते.

दोष सापडला असे आम्हाला वाटले. गाडी जॅकवर घेऊन खालूनही पाहिले. गिअरबॉक्सच्या कवचाच्या तळाशी असलेल्या छिद्राभोवती धुळीत कालवलेला काळसर थर होता. इंजिनाच्या मागच्या सीलमधून थोडे तेल झिरपत असेल असे म्हणून मदतनिसाने तो फडक्याने पुसून टाकला. त्याला कोणी थांबवले नाही आणि मीही तो थर बोटाने तपासला नाही.

पहिला निर्णय

तीन मार्ग समोर होते. पहिला, पुन्हा हवा काढून गाडी देणे. तो दोनदा करून झालेला असल्याने आम्ही लगेच बाजूला ठेवला. दुसरा, फक्त मास्टर सिलिंडर बदलणे. तिसरा, मास्टरबरोबर गिअरबॉक्स उतरवून आतला स्लेव्ह सिलिंडरही बदलणे. तिसऱ्या मार्गात गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मास्टरच्या किमतीच्या दुपटीहून जास्त होती आणि गाडी किमान दोन दिवस अडकणार होती. बागायतदारांचा फोन आला तो नेमका त्याच वेळी. पेट्या भरून तयार होत्या, तोडणीचे गडी लावलेले होते. "मिस्त्रीनू, माका परवा गाडी व्हयी," एवढेच ते म्हणाले.

आम्ही दुसरा मार्ग निवडला. गळती डोळ्यांनी दिसत होती, दाब टिकत नसल्याचे चाचणीत दिसले होते आणि दोन्ही गोष्टींचे स्पष्टीकरण मास्टरमुळे मिळत होते. मात्र एक प्रश्न तेव्हाच निघाला होता : टाकीतील पातळी इतकी घसरते, त्या मानाने चटईवरचा डाग लहान नाही का? आमच्याकडील जुन्या मिस्त्रींनी तो विचारला. मी उत्तर दिले की पुढच्या ब्रेकचे पॅड बरेच झिजले आहेत, पॅड झिजले की कॅलिपरमधील (पॅड चकतीवर दाबणाऱ्या पकडीतील) दट्टे बाहेर येतात आणि टाकीतील पातळी तेवढी उतरते. हे विधान तत्त्वतः खरे आहे. किती उतरते, हे मात्र मी मोजले नाही.

मास्टर बदलला, जुने फ्लुइड शक्य तितके काढून नवे डॉट ४ भरले आणि हवा काढली. हवा काढण्याचा निपल खाऱ्या हवेने गंजलेला होता. तो तुटू नये म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे लागले. पेडल पहिल्याच दाबाला कडक आले, रिव्हर्स लोण्यासारखा पडला. महामार्गावर दहा मिनिटे रिकामी गाडी फिरवून ती परत दिली. जुना मास्टर उघडून पाहिला तेव्हा त्याच्या आतल्या भिंतीवर ओरखडे आणि रबरी कपाची कड खाल्लेली आढळली, त्यामुळे आमचे समाधान पक्के झाले.

अकरा दिवसांनी

कोल्हापूरच्या तिसऱ्या खेपेत, भरलेल्या गाडीने फोंडा घाट अर्धा चढून झाल्यावर, एका वळणावर समोरून आलेल्या मालट्रकला वाट देण्यासाठी गाडी थांबवावी लागली. पुन्हा पहिला गिअर टाकताना पेडल खाली गेले ते तिथेच राहिले. चालकाने हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगड लावले, इंजिन बंद करून अर्धा तास थांबला, नंतर पायाने पेडल वर ओढून दहा-बारा वेळा मारले, तेव्हा कुठे गिअर पडला. तशा स्थितीत चढ पुरा करण्याऐवजी त्याने गाडी वळवून घाट उतरण्याचे ठरवले. वाटेत एकदा क्लच पूर्ण गेल्यावर त्याने इंजिन बंद केले, पहिला गिअर टाकून स्टार्टरनेच गाडी हलवली आणि पुढचे गिअर इंजिनाचे फेरे जुळवून बदलले. ही युक्ती जुन्या चालकांना येते. सपाट रस्त्यावर ती चालून जाते. भरलेल्या गाडीने घाटात तिचा आधार घेऊ नये. पेट्या फोंड्यात दुसऱ्या टेम्पोत चढवाव्या लागल्या आणि गाडी संध्याकाळी आमच्या दारात उभी राहिली.

बागायतदार स्वतः आले होते. ते रागावले नाहीत. काय बदलले आणि काय बदलले नाही, एवढेच त्यांनी शांतपणे विचारले, आणि त्याचे उत्तर देणे जास्त अवघड गेले.

दुसरी तपासणी

या वेळी सुरुवात चालकाच्या बाटलीपासून केली. मार्चच्या मध्यात, दुसऱ्यांदा हवा काढून झाल्यानंतर, त्याने २५० मिलिलिटरची फ्लुइडची बाटली घेतली होती. आमच्याकडे पहिल्यांदा येईपर्यंत त्यातील निम्म्याहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे १३० मिलिलिटर, टाकीत गेले होते. ही बाटली पहिल्या भेटीतही डिकीतच होती, पण आम्ही ती पाहायला मागितली नव्हती.

आता हिशोब मांडला. पुढच्या कॅलिपरमधील दट्ट्याचा व्यास ५७ मिलिमीटर धरला तर त्याचे क्षेत्रफळ साधारण २५.५ चौरस सेंटिमीटर येते. सरकत्या कॅलिपरमध्ये दोन्ही पॅड एकेक मिलिमीटर झिजले की दट्ट्या दोन मिलिमीटर पुढे येतो आणि त्यामागे सुमारे ५ मिलिलिटर फ्लुइड भरते. दोन्ही चाकांचे मिळून १० मिलिलिटर. म्हणजे १३० मिलिलिटरची तूट पॅडच्या खात्यावर टाकायची तर प्रत्येक पॅड तीन-चार आठवड्यांत १३ मिलिमीटर झिजायला हवा. नव्या पॅडच्या अस्तराची जाडीच साधारण दहा-बारा मिलिमीटर असते, आणि या गाडीच्या पॅडवर अजून पाच मिलिमीटर शिल्लक होते. मागचे ब्रेक जमेस धरले तरी हा हिशोब जुळत नाही. क्लच प्लेटच्या झिजेचा तर संबंधच नाही, कारण अशा यंत्रणेत प्लेट झिजत जाते तसा स्लेव्हचा दट्ट्या मागे सरकतो आणि टाकीतील पातळी उलट किंचित वाढते. चटईवरच्या डागात, फार उदारपणे मोजले तरी, दहा-पंधरा मिलिलिटर फ्लुइड मुरले असेल. उरलेले शंभरेक मिलिलिटर कुठेतरी गेले होते आणि ते बाहेर कुठेही दिसत नव्हते.

चारही चाकांच्या आतल्या बाजू कोरड्या होत्या. ब्रेकच्या पेडलचा जोर वाढवणाऱ्या व्हॅक्युम बूस्टरमध्ये ब्रेकच्या मास्टरमधून फ्लुइड झिरपू शकते, म्हणून ब्रेक मास्टरचे नट सैल करून मागची बाजू पाहिली, तीही कोरडी. मग क्लचच्या नव्या मास्टरची नळी सोडून त्या जागी आट्यांचे बूच बसवले आणि पेडल दाबले. ते दगडासारखे घट्ट झाले आणि दोन मिनिटे दाबून धरले तरी तसूभरही खाली गेले नाही. मास्टर निर्दोष ठरला; दोष त्याच्या पुढे होता. पुष्कळ ठिकाणी या तपासणीसाठी रबरी नळी चिमट्याने दाबतात. नळी जुनी असेल तर तिचे आतले अस्तर त्यात फाटू शकते, आणि अनेक गाड्यांत नळीचा मोठा भाग प्लास्टिकचा असल्याने तो दाबताच येत नाही, म्हणून आम्ही बूच वापरतो. नळी परत जोडून, मदतनीस पेडल दाबत असताना रबरी भाग मुठीत धरून पाहिला. तो फुगत नव्हता.

शेवटी कवचाच्या तळाचे छिद्र. अकरा दिवसांपूर्वी पुसून स्वच्छ केलेल्या जागी पुन्हा थर आला होता आणि या वेळी मी तो बोटावर घेतला. इंजिनाचे तेल काळे व बुळबुळीत असते, गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो. हा द्रव पातळ होता, फारसा निसरडा नव्हता, आणि कापसावर घेऊन पाण्यात बुडवताच विरघळला. मोबाइलला जोडायचा लहान कॅमेरा छिद्रातून आत सरकवला तेव्हा आतली भिंत ओली चकचकताना दिसली.

पर्याय

पुन्हा तेच प्रश्न, पण या वेळी हंगाम ऐन भरात होता. बागायतदारांनी विचारले की हवा काढून, बाटली जवळ ठेवून मे अखेरपर्यंत गाडी चालवता येईल का. सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीला, मी कदाचित हो म्हटले असते. घाटातल्या प्रसंगानंतर तसे सांगणे मला शक्य नव्हते, आणि गाडी आमच्याकडून तशी जाणार नाही हे मी स्पष्ट सांगितले.

दुसरा प्रश्न खर्चाचा होता : फक्त स्लेव्ह बदलायचा की क्लचचा पूर्ण संच? गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दोन्हींत सारखीच. प्लेट ६३,००० किलोमीटर चाललेली होती आणि तिच्यावर फ्लुइड उडाले असण्याची दाट शक्यता होती. आत पाहिल्यावरच प्लेटचे ठरवावे, मात्र कोल्हापूरहून सुटे भाग मागवताना संपूर्ण संच मागवावा आणि न लागलेले परत करावे, असे ठरले. खेपांसाठी बागायतदारांनी दोन दिवस भाड्याचा टेम्पो घेतला. हा पर्याय त्यांना पहिल्या भेटीतही उपलब्ध होता; आम्ही सुचवला नव्हता, कारण दोन दिवस गाडी अडकणार म्हणजे खेप बुडणार असे आम्हीच गृहीत धरले होते.

प्रत्यक्ष काम

गिअरबॉक्स उतरल्यावर शंकेला जागा उरली नाही. स्लेव्ह सिलिंडरची धूळटोपी फाटलेली होती, दट्ट्याभोवती क्लचच्या काळ्या भुकटीचा चिखल झाला होता आणि खालचा अर्धा भाग ओला होता. प्लेटच्या अस्तराच्या बाहेरच्या कडेला फ्लुइडचे डाग होते. बागायतदारांनी घरून आणलेल्या जुन्या बिलात ७५,००० किलोमीटरच्या वेळी प्लेट आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट लावल्याची नोंद होती. स्लेव्ह सिलिंडर त्यात नव्हता, म्हणजे तो मूळचाच, १,३८,००० किलोमीटर चाललेला होता. गाडी पहिल्यांदा आली तेव्हा हे बिल मागितले असते तर संशय नक्कीच तिकडे वळला असता.

नव्या मास्टरनंतर स्लेव्ह इतक्या लवकर का गेला, याबद्दल आमचा अंदाज असा आहे. जुना मास्टर दाब धरत नसल्याने स्लेव्हचा दट्ट्या कित्येक महिने पूर्ण फेरी मारतच नव्हता. नव्या मास्टरने त्याला पुन्हा शेवटपर्यंत ढकलले आणि झिजलेले सील अशा भागावरून घासू लागले जिथे भुकटी आणि गंज साचलेला होता. त्यात घाटातील उष्णता आणि भरलेल्या गाडीमुळे वारंवार वापरला जाणारा क्लच यांची भर पडली.

प्लेट, प्रेशर प्लेट, स्लेव्ह सिलिंडर आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील बदलले. सील खराब नव्हते, पण ते पुढे गळले असते तर याच मजुरीचा खर्च पुन्हा आला असता. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग सपाट होता, त्याला तडे नव्हते. साफ करून तोच ठेवला. शाफ्टचे खाचे पुसून त्यांना नखभर ग्रीस लावले. नवा स्लेव्ह बसवल्यावर गिअरबॉक्स जागेवर घट्ट होईपर्यंत पेडलला कोणी हात लावू नये म्हणून स्टिअरिंगला चिठ्ठी बांधली होती, कारण समोर आधार नसताना पेडल दाबले तर दट्ट्या मर्यादेबाहेर येऊन नवा भाग तिथेच निकामी होतो.

हवा काढण्यासाठी पेडल भराभर मारले नाही. अशा आतल्या स्लेव्हमध्ये जोरात मारल्याने बुडबुडे बारीक होऊन फ्लुइडमध्येच फिरत राहतात. मोठ्या सिरिंजने खालच्या निपलमधून फ्लुइड हळूहळू वर टाकीकडे ढकलले, नंतर नेहमीच्या पद्धतीने, पेडल सावकाश दाबून, पारदर्शक नळीतून बुडबुडे थांबेपर्यंत उरलेली हवा काढली. ब्रेकचेही सर्व फ्लुइड त्याच वेळी बदलले.

परिणाम

गाडी देण्यापूर्वी टाकीच्या बाहेर रंगाने पातळीची रेघ ओढली आणि कवचाच्या छिद्राखाली पांढरा कागद चिकटवला. नंतर तीन माणसे आणि वाळूच्या पिशव्या घालून गाडी फोंडा घाटात वरपर्यंत नेऊन आणली. वर पोहोचल्यावर, सर्व भाग तापलेले असताना, पहिल्या गिअरमध्ये दोन मिनिटे पेडल दाबून धरले. गाडी जागची हलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच दाबाला रिव्हर्स आवाज न करता पडला आणि कागद कोरडा होता. पहिल्या वेळच्या मास्टरची मजुरी आम्ही नव्या बिलातून वजा केली. हंगाम संपेपर्यंत गाडीने घाटाच्या सगळ्या खेपा केल्या. गणपतीच्या आधी ती नियमित कामासाठी आली, तेव्हा फ्लुइड रेघेवरच होते आणि डिकीतल्या नव्या बाटलीचे सील फोडलेले नव्हते.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या भेटीत मास्टर बदलणे ही चूक नव्हती. तो खरोखर गेलेला होता. चूक ही की एक गळती दिसल्यावर दुसरीचा शोध थांबला. मी पॅडच्या झिजेचा हिशोब तोंडी केला तेव्हा कागदावर केला असता तर पाच मिनिटांत लक्षात आले असते. छिद्राभोवतीचा थर पुसण्याआधी बोटावर घ्यायला हवा होता. आता आमच्याकडे गाडी जॅकवर गेल्यावर पाहणी पूर्ण होईपर्यंत फडके वापरायचे नाही असा नियम केला आहे, आणि तो मदतनिसापेक्षा मलाच जास्त वेळा आठवून द्यावा लागतो.

रस्त्यावरची चाचणीही अपुरी होती. तक्रार घाटातली, भरलेल्या आणि तापलेल्या गाडीची होती. आम्ही ती सपाट महामार्गावर, रिकाम्या आणि थंड गाडीवर तपासली. कणकवलीहून फोंड्याचा घाट फार लांब नाही.

आट्यांचे बूच पहिल्याच भेटीत वापरले असते तर उपयोग झाला असता का, यावर आमच्यात अजून मतभेद आहे. जुन्या मिस्त्रींचे म्हणणे असे की नक्कीच झाला असता. माझ्या मते त्या वेळी बूच लावल्यावरही पेडल खाली गेलेच असते, कारण मास्टर सदोष होता, आणि आम्ही अधिकच निश्चिंत झालो असतो. ही तपासणी दोषाची बाजू सांगते, दोषांची संख्या सांगत नाही. तिचा खरा उपयोग नवा मास्टर बसवल्यानंतर झाला असता : आधी बूच लावून, मग नळी जोडून, दोन्ही वेळा पेडल दोन दोन मिनिटे दाबून धरले असते आणि दोन्हींतला फरक पाहिला असता, तर स्लेव्ह त्याच दिवशी पकडला गेला असता. त्यासाठी अर्धा तास जास्त लागला असता. त्या दिवशी गाडी दुपारी तीन वाजता तयार झाली होती आणि चालक ती न्यायला पाच वाजता आला होता.